पाठपुराव्याचा रकाना

जिल्ह्याच्या ठिकाणी चालणाऱ्या एका महिला समुपदेशन केंद्रात मी सहा वर्षे, आठवड्यातून दोन दिवस जात असे. तिथल्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीच्या लांबट नोंदवह्या होत्या आणि त्या लिहिण्याचे काम, अक्षर बरे म्हणून, माझ्याकडे आले होते. एका ओळीत एक बाई मावत असे. अनुक्रमांक, तारीख, नाव, वय, गाव, लग्नाला झालेली वर्षे, मुले, तक्रारीचे स्वरूप, केलेली कार्यवाही, आणि उजव्या हाताला, पान संपता संपता, दोन बोटे रुंदीचा एक रकाना : पाठपुरावा. बाकीच्या रकान्यांत जागा पुरत नसे, शब्द शेजारच्या चौकटीत घुसत. हा शेवटचा मात्र पानेच्या पाने कोरा राही, नाहीतर त्यात तीनपैकी एक नोंद असे. ‘नांदते.’ ‘माहेरी.’ ‘संपर्क नाही.’

बायकोवर किंवा कोणत्याही बाईवर ज्याने एकदा हात टाकला तो पुन्हा टाकतो का, किती दिवसांनी टाकतो, कशाने थांबतो, या प्रश्नांचे आपल्याकडे जे काही उत्तर आहे ते त्या दोन बोटांच्या जागेत आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. मोठमोठ्या याद्या, संगणकावरच्या नोंदी, कलमे आणि शिक्षा यांविषयी मी नंतर पुष्कळ वाचले, पण प्रत्येक वेळी मन त्या कोऱ्या रकान्याशीच येऊन थांबले.

‘केलेली कार्यवाही’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘समज दिली, हमीपत्र घेतले’ असे लिहिलेले असे. हमीपत्राचा मजकूर ठरलेला होता. ‘मी यापुढे पत्नीस मारहाण व शिवीगाळ करणार नाही, तिला व्यवस्थित नांदवीन.’ खाली सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, बहुधा एक तिच्या माहेरचा आणि एक त्याच्या भावकीतला. एकदा जुने कागद लावताना मला एकाच माणसाची तीन हमीपत्रे सापडली. तीन वेगवेगळ्या वर्षांची, तीच वाक्ये, तीच सही, साक्षीदार मात्र बदलत गेलेले. नोंदवहीत त्या तिन्ही वेळांना तीन निराळे अनुक्रमांक होते, कारण बाई पुन्हा आली की तिची नवी नोंद करायची अशी पद्धत होती. आमच्या वार्षिक अहवालात त्या तीन तक्रारी म्हणून मोजल्या गेल्या होत्या आणि तिन्हींपुढे ‘समेट’ असे लिहिले होते. एका माणसाने तीनदा शब्द मोडला ही गोष्ट त्या अहवालात कुठेही नव्हती, आणि ती नसण्यात माझ्या अक्षराचाही वाटा होता.

आपल्या वर्तमानपत्रांत ‘सराईत’ हा शब्द रोज छापून येतो. सराईत मोबाइलचोर, सराईत घरफोड्या, मंगळसूत्र हिसकावणारा सराईत. पोलिसांच्या भाषेत असा माणूस ‘रेकॉर्डवरचा’ असतो. गणपती किंवा निवडणूक आली की त्याला बोलावतात, त्याच्याकडून बंधपत्र घेतात, ज्याला सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात, आणि फारच झाले तर त्याला तडीपार करतात. बारा वर्षे बायकोला मारणाऱ्या माणसाला सराईत म्हटल्याचे मी एकदाही वाचलेले नाही. मंगळसूत्र हिसकावणाऱ्याच्या मागच्या गुन्ह्यांचा हिशेब ठेवला जातो आणि ते मंगळसूत्र ज्याच्या नावाने घातले त्याच्या मागच्या गुन्ह्यांचा ठेवला जात नाही, याचे दुःख मला फार वाटते.

याला कायद्याची घडण कारण आहे. ठाण्यात गेलेल्या बाईची तक्रार पुष्कळदा ‘एन.सी.’ म्हणजे अदखलपात्र म्हणून लिहून घेतली जाते आणि तिच्या हातात एक चिठ्ठी दिली जाते. तपास होत नाही, खटला होत नाही, त्यामुळे दोषसिद्धीचा प्रश्नच येत नाही. नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेविरुद्धचे ४९८अ हे कलम १९८३ साली आले, आता भारतीय न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ या कलमांत आहे. २०२२ या एका वर्षात देशभरात पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचे सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे नोंदले गेले, पण त्यांतले निकालाला पोचतात थोडे आणि शिक्षेपर्यंत पोचतात त्याहून थोडे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा बाईला संरक्षण, निवारा, पोटगी मिळवून देण्यासाठी केलेला आहे, आणि ते त्याचे मोठेपण आहे. त्यात शिक्षेची वेळ येते ती संरक्षण आदेश मोडल्यावर : कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ‘पुन्हा’ हा शब्द ज्या कलमाच्या गाभ्याशी आहे असे हे कलम. पण आदेश मोडला हे सांगायला कोणी जायचे? तिनेच. घर त्याचे, फोन त्याचा, पैसे त्याचे, आणि संरक्षण अधिकाऱ्याचे कार्यालय तालुक्याच्या गावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होते. त्याच पाहणीनुसार, कोणाकडूनही शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुठेतरी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्क्यांनी. तीन चतुर्थांशांहून अधिक बायकांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. आमच्या निळ्या वहीत एक ओळ मिळालेली बाई सुद्धा त्या अर्थाने फार पुढे आलेली बाई होती.

लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र देशाने एक यादी केली आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली, आणि सुरुवातीलाच तीत चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, मुलांवरील अत्याचार आणि छेडछाड यांत दोषी ठरलेल्यांची नावे, पत्ते, छायाचित्रे, बोटांचे ठसे त्यात असतात, आणि ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. अमेरिकेसारखी ती सर्वांसाठी खुली नाही, याचे मला बरे वाटते. कारण पुढे सांगेन. पण ही यादी कोणाला पकडू शकते हे पाहिले पाहिजे. २०२२ साली देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले आणि शंभरांतल्या पंच्याण्णवांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा होता : नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या कायद्याच्या व्याख्येत बलात्कार ठरत नाही, म्हणून तो या यादीत येण्याचा मार्गच बंद आहे. अनोळखी माणसाच्या शोधासाठी ही यादी उपयोगी पडेल. आपल्याच उंबऱ्याच्या आतला माणूस ओळखायला त्या बाईला यादी लागत नाही, तिला हवे असते ते दुसरेच काही.

‘पुन्हा’ या शब्दाचा कायद्याने कसा अर्थ लावायचा याची सर्वांत कठीण परीक्षा मुंबईत झाली. २२ ऑगस्ट २०१३ रोजी महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलच्या आवारात एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. ती त्याच संध्याकाळी रुग्णालयात गेली आणि तिने तक्रार दिली. ती बातमी आल्यानंतर टेलिफोन ऑपरेटरचे काम करणारी अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी पुढे आली आणि तिने सांगितले की, त्याच जागी, त्याच टोळक्यातल्या माणसांनी जुलैअखेर आपल्यावरही असाच अत्याचार केला होता. दोन्ही खटल्यांचा निकाल मार्च २०१४ मध्ये एकाच दिवशी लागला. दोन्हींत दोषी ठरलेल्या तिघांना ३७६ई या, तेव्हा वर्षभरापूर्वीच आलेल्या, पुन्हा तोच गुन्हा करणाऱ्यांसाठीच्या कलमाखाली ४ एप्रिल २०१४ रोजी फाशी सुनावली गेली. एकाच दिवशी लागलेल्या दोन निकालांतला एक ‘आधीचा’ आणि एक ‘नंतरचा’ कसा मानायचा, यावर न्यायालयात पुष्कळ वाद झाला. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कलम घटनेला धरून असल्याचे म्हटले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या तिघांची फाशी रद्द करून उर्वरित आयुष्यभराची कैद दिली, पॅरोल आणि फर्लोशिवाय.

मी या खटल्याविषयी जेव्हा विचार करते तेव्हा शिक्षेपेक्षा तारखांकडे माझे लक्ष जाते. जुलैचा शेवट आणि ऑगस्टची बावीस तारीख. त्या तीन आठवड्यांत पहिली मुलगी गप्प होती, आणि ती का गप्प होती हे या देशातल्या कोणत्याही बाईला समजावून सांगावे लागणार नाही. राज्याच्या दृष्टीने ऑगस्टमधला गुन्हा पहिला होता, पुन्हा घडलेला आहे हे फक्त तिला माहीत होते. आधी काय घडले हे कळायला दुसऱ्या बाईला बोलावे लागले.

आता त्या यादीविषयीच्या माझ्या भीतीबद्दल. नावांच्या याद्या करून माणसांवर पाळत ठेवण्याचा इतिहास महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांना ठेवले, हजेरी लावली, आणि त्या वस्तीला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. १९५२ साली तो कायदा गेला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा नवा कायदा आला आणि पारध्याच्या पालावर रात्री पडणारी धाड थांबली नाही. केंद्रात येणाऱ्या पारधी बायका नवऱ्याच्या माराविषयी सांगत, पण पोलिसांत जाऊया म्हटले की हात जोडत, कारण एकदा पोलीस पालावर आले की ते फक्त त्या एका माणसासाठी येत नाहीत हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्या मुलांनी अजून काही केलेले नाही त्यांना जन्माने चिकटणारा शब्द, आणि ज्या नवऱ्याने बारा वर्षे हात उचलला त्याला कधीही न लागणारा शब्द, हे दोन्ही एकच आहेत. म्हणून ‘सर्वांची नावे चौकात लावा’ अशी मागणी ऐकली की मला आधी त्या पालावरच्या बायका आठवतात.

शिवाय, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला प्रत्येकजण पुन्हा तेच करतो हेही खरे नाही. कॅनडातील संशोधकांनी १९९८ साली ६१ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा चार-पाच वर्षांच्या काळात नव्या लैंगिक गुन्ह्याची नोंद झालेल्यांचे प्रमाण १३.४ टक्के निघाले. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मग ‘नोंद झालेल्यांचे’ या शब्दांवर बोट ठेवून मी बराच वेळ बसले. बहुतेक माणसे खरोखर थांबत असतील, आणि काहींच्या बाबतीत पुढची बाई गप्प राहिली असेल. त्या आकड्यात हे दोन्ही एकत्र कालवलेले आहे आणि ते वेगळे करायचे तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बाईला विचारणे.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात १९८१-८२ साली लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी नेमके हेच केले. घरातल्या मारहाणीच्या ठिकाणी गेलेल्या पोलिसाने काय करायचे हे त्याच्या पॅडवरच्या पुढच्या कागदाच्या रंगावरून ठरत होते : नवऱ्याला अटक, त्याला काही तास घराबाहेर पाठवणे, किंवा नुसती समज. ३१४ प्रकरणे. सहा महिने त्यांनी दोन तऱ्हांनी माग ठेवला. पोलिसांची दप्तरे पाहिली, आणि दर पंधरा दिवसांनी बायकांना विचारले. दप्तरांप्रमाणे अटक झालेल्यांपैकी १० टक्क्यांनी, समज मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांनी आणि बाहेर पाठवलेल्यांपैकी २४ टक्क्यांनी पुन्हा हिंसा केली होती. बायकांच्या सांगण्यानुसार हेच आकडे १९, ३७ आणि ३३ होते. या प्रयोगावरून अटकेची धोरणे आखली गेली. पुढे इतर शहरांत तो पुन्हा केल्यावर चित्र इतके सरळ राहिले नाही, मिलवॉकीत तर बेकार नवऱ्यांची हिंसा अटकेनंतर वाढलेली दिसली. त्या वादात अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. माझ्या मनात राहिले ते एवढेच, की दप्तराला दहातला एक दिसला तिथे बायकांना दहातले दोन दिसले. ‘समज दिली’ हा तर आमच्याच वहीतला शब्द, आणि तिथे शंभरातल्या सदतीस जणींनी सांगितले होते की त्याने पुन्हा मारले. तरीही सुमारे निम्म्याच बायकांच्या बाराही मुलाखती पूर्ण झाल्या होत्या. उरलेल्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न ज्याने ‘संपर्क नाही’ असे स्वतःच्या हाताने लिहिले आहे त्याला सुटत नाही.

मी एक गोष्ट इथे कबूल करते. केंद्रात वार्षिक तपासणी जवळ आली की आम्ही राहिलेले रकाने भरायला बसत असू. तेव्हा बऱ्याच बायकांकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून वहीत नवऱ्याचाच नंबर असे. ज्याच्याविषयी विचारायचे त्याच्याच फोनवर आम्ही विचारत होतो. अशाच एका दुपारी मी एका घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला, नम्रपणे बोलला, आणि तिच्या हातात दिला. “सगळं बरं आहे ताई,” ती म्हणाली. मागे टीव्हीचा आवाज होता, तो मध्येच बंद झाला. मी ‘त्रास नाही ना?’ असे विचारले आणि ती ‘नाही’ म्हणाली. मी रकान्यात ‘समाधानकारक’ असे लिहिले, तारीख टाकली, आणि पुढचा नंबर फिरवला. टीव्ही बंद झालेला मला ऐकू आला होता.

चौदा महिन्यांनी ती बाई परत आली. कापडी पिशवीत गुंडाळी करून तिने मागच्या वर्षीचे कॅलेंडर आणले होते, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगतात तसले, फोडणीचे डाग पडलेले. दूधवाला आला नाही त्या दिवसांवर खाड्याच्या फुल्या होत्या. आणि काही चौकटींच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दिलेली बारीक टिंबे होती. पहिल्या खेपेला ठाण्यात तिला कोणीतरी विचारले होते, नक्की कोणत्या तारखांना मारले ते सांगा, आणि तिला सांगता आले नव्हते. तेव्हापासून ती टिंब देत होती. सासूला ती भिशीची खूण वाटे. मी सतरा टिंबे मोजली. मग न सांगता मी आमची वही काढली आणि माझ्या फोनची तारीख पाहिली. त्या दिवसाच्या चौकटीतही टिंब होते.

पुढे मला कळले की जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने १९८० च्या दशकात जिवाच्या धोक्याचा अंदाज घेणारी एक प्रश्नावली केली आणि तिची सुरुवातच कॅलेंडरने होते. मागच्या वर्षात कोणत्या दिवशी मारले, किती जोरात मारले, हे बाईने स्वतः त्यावर खुणेने दाखवायचे. नंतर प्रश्न येतात : मार वाढतो आहे का, कधी गळा दाबला का, घर सोडून जाण्याचा प्रयत्न केला होता का. गळा दाबणे ही पुढच्या खुनाची फार मोठी सूचना असते, हे त्या कामातून जगाला नीट कळले. आमच्या नोंदवहीत ‘तक्रारीचे स्वरूप’ या रकान्यात ते सगळे ‘मारहाण’ या एका शब्दात गेले होते.

आणखी एक ‘पुन्हा’ आहे, तो दुसऱ्या बाईच्या वाट्याला येतो. पहिली नांदली नाही म्हणून दुसरी करतात. स्थळाची चौकशी करताना आपण पगार, जमीन, पत्रिका, दारू सगळे विचारतो, आणि पहिली का गेली असे विचारले की ‘तिचंच जमलं नाही’ एवढे उत्तर पुरते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०१४ पासून अशी सोय आहे की आपल्या जोडीदाराने पूर्वी कोणावर हिंसा केली आहे का, हे बाईला पोलिसांना विचारता येते. क्लेअर वूड या तरुणीला २००९ साली जुन्या जोडीदाराने मारले, त्याचा हिंसेचा पूर्वेतिहास पोलिसांना ठाऊक होता, तिला नव्हता. तिच्या नावाने ही तरतूद ओळखली जाते. नाव चौकात लागत नाही, ज्या बाईला धोका आहे तिलाच सांगितले जाते. आमच्याकडे असा अर्ज आला असता तर देण्यासारखे आमच्यापाशी काय होते? तीन अनुक्रमांक, आणि तीन वेळा लिहिलेले ‘समेट’.

कॅलेंडर आणणाऱ्या त्या बाईनंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. परत आलेल्या बाईला नवा क्रमांक देणे बंद केले. जुन्याच ओळीखाली चिठ्ठी जोडून पुढची नोंद करू लागलो. फोन कोणत्या नंबरवर, कोणत्या वारी, किती वाजता करायचा हे तिनेच ठरवायचे. बहीण, शेजारीण, अंगणवाडीची सेविका, जी कोणी तिला भरवशाची वाटेल तिचा नंबर. आणि एक वाक्य ठरवायचे, जे कोणासमोरही बोलता येईल. या बाईने शिवणाचे ठरवले. मी ब्लाउज शिवायला दिलेली गिऱ्हाईक. ‘झाला’ म्हणजे बरे आहे, ‘झाला नाही’ म्हणजे मारले, ‘माप परत द्या’ म्हणजे कोणीतरी या.

पहिल्या महिन्यात ब्लाउज झाला होता. दुसऱ्या महिन्यातही झाला होता, आणि तिचा आवाज मोकळा वाटला. तिसऱ्या महिन्यात, ठरल्या बुधवारी साडेअकराला, मी विचारले तेव्हा ती थोडी थांबली आणि म्हणाली, “अस्तर कमी पडलं, ताई. उद्या दुकानात येऊन दाखवते.” हे आमच्या ठरलेल्या वाक्यांत नव्हते. मी काही विचारले नाही. रकान्यात, बारीक अक्षरांत, तिचेच शब्द लिहिले : ‘अस्तर कमी पडले. उद्या येणार.’ दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती आली, तेव्हा तिच्या पिशवीत चालू वर्षाचे कॅलेंडर होते.